‘एकही नोंद आढळली नाही’ : विद्यापीठीय ग्रंथालयांची शोधसाधने आणि मराठी पुस्तके

त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गांव-गाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातील खेडे, त्यातले वतनदार, बलुतेदार आणि कुणबी यांच्याविषयी मराठीत लिहू पाहणाऱ्या कोणालाही ते आजही टाळता येत नाही. आता हे पुस्तक विद्यापीठाच्या ग्रंथालयातील संगणकावर शोधायचे आहे. शोधाच्या चौकटीत काय टंकायचे? पहिल्या आवृत्तीप्रमाणे अनुस्वार देऊन ‘गांव-गाडा’? आजच्या नियमाप्रमाणे ‘गाव-गाडा’? जोडून ‘गावगाडा’, की तोडून ‘गाव गाडा’? आणि नोंद रोमन लिपीत केलेली असेल तर ‘गाव’मधल्या ‘व’साठी व्ही की डब्ल्यू? यांपैकी एका रूपाने पुस्तक सापडते आणि उरलेल्या रूपांना संगणक उत्तर देतो, ‘एकही नोंद आढळली नाही’. पुस्तक मात्र दोन कपाटे पलीकडे धूळ खात उभे असते.

महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्या ग्रंथालयांतील संगणकीय तालिका मी गेली अनेक वर्षे संशोधनासाठी वापरत आले आहे. या साधनांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा त्यांच्या खरेदीविषयी आणि उद्घाटनाविषयी असते. एखाद्या कोशाची किंवा संपादित आवृत्तीची चिकित्सा करावी तशी ग्रंथालयाच्या तालिकेची चिकित्सा फारशी होत नाही. वास्तविक तालिका हाही एक संपादित ग्रंथच आहे. त्यात काय येते, कोणत्या नावाने येते आणि कशाच्या शेजारी येते, याचे निर्णय कोणीतरी घेतलेले असतात. आज त्यांपैकी बरेच निर्णय मराठी न जाणणाऱ्या यंत्राकडे गेले आहेत. त्या यंत्राने दिलेल्या आकड्यांवरून मराठी संग्रहाचे भवितव्य ठरू लागले आहे, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

दाते यांची सूची आणि शोधाची चौकट

मराठीला सूचिकार्याची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ साली प्रसिद्ध झाली. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी ग्रंथांचा तीत परामर्श होता. १९३८ ते १९५० या वर्षांचा पुढचा भाग १९६१ साली आला. आजही एखादे एकोणिसाव्या शतकातले पुस्तक खरोखर निघाले होते का, हे पाहायचे असेल तर जाणता संशोधक आधी ‘दाते’ उघडतो आणि मग संगणकाकडे वळतो. साधन ऐंशी वर्षांपूर्वीचे, तरी विश्वास त्याच्यावर अधिक, असे का व्हावे?

याचे कारण भावनिक नाही. छापील सूचीत किंवा तालिकापत्रांच्या खणात शोधणारा माणूस नजरेने शोधतो. ‘गांव’ दिसले नाही तर दोन पाने उलटून तो ‘गाव’ पाहतो. चाळताना शेजारचे, न मागितलेले पुस्तकही नजरेस पडते. शिवाय चांगल्या तालिकाकाराने वाटेत पाट्या लावून ठेवलेल्या असतात : ‘केशवसुत : पाहा दामले, कृष्णाजी केशव’. शोधाच्या चौकटीत यांतले काहीच नसते. तिथे जवळचे उत्तर आणि चुकीचे उत्तर यांत फरक नाही. एक अनुस्वार इकडचा तिकडे झाला तरी निकाल शून्य येतो, आणि ते शून्य कोणत्या कारणाने आले हे वाचकाला कळत नाही. पुस्तक नाही म्हणून शून्य, की शब्द जुळला नाही म्हणून शून्य? विद्यार्थी पहिले कारण खरे धरतो आणि निघून जातो.

लेखनाचे नियम बदलले, नोंदी तशाच राहिल्या

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्यामुळे ‘नांव’, ‘कांहीं’, ‘गांव’ यांतले न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. लिहिणाऱ्याला त्याने मोठाच दिलासा मिळाला. तालिकाकारासाठी मात्र मराठी ग्रंथसंपदेचे दोन भाग पडले. १९६२ पूर्वीच्या पुस्तकाची नोंद मुखपृष्ठानुसार करायची तर अनुस्वार ठेवलेच पाहिजेत. आजचा वाचक ते टंकणार नाही, हेही उघड आहे.

याचे उत्तर ग्रंथालयशास्त्राकडे तयार आहे. संगणकीय नोंदींसाठी जगभर वापरली जाणारी ‘मार्क’ ही मांडणी १९६०च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम यांनी सिद्ध केली. तिच्यात २४६ क्रमांकाचा रकाना पर्यायी शीर्षकासाठीच आहे. मुख्य शीर्षक ‘गांव-गाडा’ ठेवावे, पर्यायी शीर्षकांत ‘गावगाडा’ आणि ‘गाव गाडा’ घालावे. काम दोन मिनिटांचे आहे. मी पाहिलेल्या मराठी नोंदींत हा रकाना बहुतेक वेळा रिकामा असतो. जुन्या संग्रहाच्या नोंदी संगणकावर चढवण्याचे काम पुष्कळदा कंत्राटाने, पुस्तकामागे ठरावीक दराने दिले जाते. ज्याला नोंदींच्या संख्येवर पैसे मिळतात, त्याने रिकामा रकाना का भरावा?

डोळ्यांना दिसत नाही असा फरक

शुद्धलेखनाचा फरक निदान दिसतो. त्याहून घातक फरक दिसतच नाहीत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातली खोरी, हे मराठी मुलाला सांगावे लागत नाही. संगणकावर मात्र ‘दऱ्या’ दोन प्रकारे लिहिता येते. एका प्रकारात खाली नुक्ता असलेला स्वतंत्र ‘ऱ’ वापरतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. काही शोधयंत्रे अदृश्य चिन्हे निरर्थक समजून गाळतात. मग दुसऱ्या प्रकारच्या ‘दऱ्या’चा सरळ ‘दर्या’ होतो, आणि गिर्यारोहणाचे पुस्तक समुद्राच्या खाती जमा होते.

‘ॲ’ या अक्षराचेही असेच आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ साली मिळाला. त्याआधी तो ‘अ’ आणि अर्धचंद्र असा जोडून लिहीत, आणि अजूनही अनेक जण तसाच लिहितात. युनिकोड या दोन रूपांना समान मानत नाही. ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ हे करंदीकरांचे पुस्तक एका रूपात नोंदलेले असेल आणि विद्यार्थ्याने दुसरे रूप टंकले, तर त्याला ते मिळेलच असे नाही. समोरचे शीर्षक अक्षरशः तेच असूनही!

विसर्गाची गोष्ट आणखी मजेची. विभावरी शिरूरकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ सालचा. ‘निःश्वास’ लिहिताना कळफलकावर विसर्ग सापडला नाही की टंकणारा त्याजागी विरामचिन्हातला अपूर्णविराम, म्हणजे कोलन, ठेवून देतो. दिसायला काही बिघडत नाही. यंत्र मात्र कोलन पाहताच शब्द तोडते आणि ‘नि’ व ‘श्वास’ असे दोन तुकडे अनुक्रमणीत ठेवते. रंगनाथनांची कोलन वर्गीकरण पद्धतीही १९३३ सालचीच. त्यांनी कोलनचा उपयोग विषयाचे पैलू जोडण्यासाठी केला. आपण त्याच चिन्हाने शब्द तोडतो आहोत.

मराठी शब्द वाक्यात जसाच्या तसा राहत नाही

मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. ‘घोडा’ आणि ‘घोड्याचा’, ‘पाऊस’ आणि ‘पावसाचा’, ‘फूल’ आणि ‘फुलांचा’. कोणी शोधात ‘वाङ्मय’ असा शब्द घातला तर त्याला ‘मराठी वाङ्मयाचा इतिहास’ मिळायला हवा. त्यासाठी यंत्राला ‘वाङ्मयाचा’ या शब्दातून ‘वाङ्मय’ वेगळे काढता आले पाहिजे. इंग्रजीसाठी ही सोय शोधयंत्रांत पूर्वीपासून असते. हिंदीसाठीही प्रचलित मुक्त शोधयंत्रांत ती आहे. मराठीसाठी ती तयार मिळत नाही, आणि ‘देवनागरी म्हणजे हिंदी’ असे मानून हिंदीचे नियम लावले तर नवेच गोंधळ होतात. हिंदीसाठी केलेल्या एका नियमसंचात ‘ऱ’चा ‘र’ करून टाकला जातो. हिंदीला त्याची फिकीर नसेल, मराठीला आहे.

हे अशक्य काम आहे असे मात्र नाही. भारतीय भाषांतील माहितीशोधाच्या चाचण्यांसाठी ‘फायर’ हा उपक्रम २००८ साली सुरू झाला, तेव्हापासून त्यात मराठी मजकुरावर प्रयोग झाले आहेत. संशोधन झालेले आहे. ते ग्रंथालयाच्या शोधाच्या चौकटीपर्यंत पोहोचलेले नाही.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली वापरतात. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या या प्रणालीचे नाव माओरी भाषेतले असून त्याचा अर्थ ‘भेट’ असा आहे. तिच्यात रोमनेतर लिप्यांसाठी अनुक्रमणाची वेगळी पद्धत निवडता येते. उभारणी करणाऱ्याने ती निवडली तर देवनागरी शब्द नीट हाताळले जातात. न निवडली तर वाचकाला वर्षानुवर्षे त्रास होतो. म्हणजे मराठी पुस्तक सापडणे न सापडणे हे एका दुपारी कोणा तंत्रज्ञाने केलेल्या निवडीवर अवलंबून राहते, आणि ती निवड झाली होती की नाही हे ग्रंथपालालाही माहीत नसते.

नावे आणि विषय

कृष्णाजी केशव दामले आणि केशवसुत, वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, चिं. त्र्यं. खानोलकर आणि आरती प्रभू : मराठी लेखक एका नावाने सहसा भागवत नाही. राम गणेश गडकरी नाटककार म्हणून गडकरी, कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदी लेखनात बाळकराम. स्त्रियांच्या बाबतीत गुंता वाढतो. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, आणि त्याच माहेरच्या बाळूताई खरे. जुन्या तालिकेतली ‘पाहा’ नोंद हा गुंता सोडवत असे. संगणकात नावांची प्रमाणित यादी ठेवण्याची सोय आहे, पण ती यादी कोणीतरी बांधावी लागते. प्रत्येक ग्रंथालयाने ती स्वतंत्रपणे बांधण्याचीही गरज नाही. एकाने केलेली शंभरांना पुरते. तरीही ती नसल्यामुळे एकाच लेखिकेचे लेखन दोन-तीन परक्या बायकांमध्ये वाटले जाते, आणि तिच्यावर प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी एकीलाच ओळखते.

विषयाचेही तसेच. ड्युई यांच्या १८७६ सालच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ या अंकाखाली येते आणि हिंदू धर्म २९४.५ या अंकाखाली. तुकारामांची गाथा कुठे ठेवायची? ग्रंथालयागणिक उत्तर वेगळे, आणि क्वचित एकाच ग्रंथालयात दोन प्रती दोन मजल्यांवर. विषयशीर्षके तर बहुधा इंग्रजीतच दिलेली असतात. त्यामुळे ‘बलुतेदारी’ असे टंकणाऱ्याला ‘गांव-गाडा’ मिळत नाही. ज्या पुस्तकाने हा विषय मराठीत मांडला, ते पुस्तक त्या विषयाच्या मराठी नावाने सापडू नये, याला काय म्हणावे?

रोमन लिपीचा फेरा

१९६२ सालाची आणखी एक आठवण आहे. त्या वर्षापासून अमेरिकेच्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्याखाली भारतीय भाषांतली पुस्तके तिथल्या विद्यापीठांत जाऊ लागली. गव्हाच्या मोबदल्यात साठलेल्या रुपयांतून ही खरेदी होत असे. दिल्लीतील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कार्यालयाने हजारो मैलांवरच्या वाचकासाठी मराठी पुस्तकांच्या नोंदी चिन्हांकित रोमन लिपीत केल्या. त्या लिप्यंतराला काटेकोर नियम आहेत. ‘इतिहास’ लिहिताना शेवटच्या ‘स’मधला न उच्चारलेला ‘अ’देखील लिहायचा, ‘देशपांडे’ लिहिताना ‘श’मधलाही. पद्धत शिस्तीची आहे आणि तिच्यातून मूळ देवनागरी बरीचशी परत मिळवता येते. आपल्याकडच्या मनमानी रोमन नोंदींपेक्षा ती कितीतरी बरी.

अडचण पुढे आली. आपल्या ग्रंथालयांनी वेळ वाचवण्यासाठी त्याच तयार नोंदी आयात केल्या. परिणामी मराठी मुलखात छापलेले पुस्तक वॉशिंग्टनमार्गे रोमन वेषात परत आले, आणि आपला विद्यार्थी ते देवनागरीत शोधत बसला. मूळ लिपीतली नोंद रोमन नोंदीच्या जोडीने ठेवण्यासाठी मार्कमध्ये ८८० क्रमांकाचा रकाना आहे. आयात करताना तो भरण्याची जबाबदारी आपली होती.

रोमन लिपी मराठीला नेहमी परकीच असते, असेही नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे रोमन लिपीतच छापले गेले. तिथे रोमन हेच मूळ रूप, आणि देवनागरी आवृत्ती नंतरची. एकच लिपी सक्तीची करावी असे माझे म्हणणे नाही. वाचक ज्या लिपीतून येईल त्या लिपीतून त्याला पुस्तकापर्यंत जाता आले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

आकड्यांवरून निर्णय

इथवर जे सांगितले ती नुसती गैरसोय असती तर इतके लिहिण्याची गरज नव्हती. पण प्रत्येक ग्रंथालयाला जागा कमी पडते, अंदाजपत्रक तुटपुंजे असते, आणि काय ठेवायचे, काय तळघरात हलवायचे, काय बाद करायचे हे ठरवावे लागते. त्यासाठी हाताशी असलेले सोपे माप म्हणजे देवघेवीचे आकडे. गेल्या दहा वर्षांत जे पुस्तक एकदाही घरी गेले नाही ते ‘न वापरलेले’.

वर पाहिलेला क्रम लावून पाहा. पुस्तकाची नोंद अपुरी. म्हणून ते शोधात येत नाही. म्हणून कोणी नेत नाही. म्हणून अहवालात त्याच्यापुढे शून्य. म्हणून ते बाद करण्याच्या यादीत. पुढच्या वर्षी खरेदीची वेळ येते तेव्हा ‘मराठी पुस्तकांना मागणी नाही’ हे वाक्य आकड्यांसह सादर होते. आकडे खोटे नसतात. ते पुस्तकाविषयी बोलत आहेत असे आपण समजतो, पण बोलत असतात तालिकेविषयी. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतले तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे असे सांगते. त्या सूत्राने वाचकाची वाट ग्रंथालयाने करून द्यायची असते; वाट बंद ठेवून वाचक आला नाही असा शेरा मारायचा नसतो.

मूल्यमापनाच्या यंत्रणाही या बाबतीत मदत करत नाहीत. ‘नॅक’च्या निकषांत ग्रंथालय संगणकीय प्रणालीने चालते का, असा प्रश्न आहे. प्रणाली आहे, म्हणजे गुण आहेत. तिच्यात मराठी पुस्तक सापडते का, हे त्यात कोणी विचारत नाही.

आता मोठ्या विद्यापीठांत एकाच चौकटीतून पुस्तके, लेख आणि प्रबंध शोधणारी महागडी साधने आली आहेत, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्यकही त्यांना जोडले जात आहेत. ती साधने लेखांच्या प्रचंड साठ्यावर चालतात आणि त्या साठ्यात इंग्रजीचे प्राबल्य आहे. ‘शोधगंगे’वर मराठीतले प्रबंध आहेत, परंतु जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या किंवा चित्ररूपाने चढवलेल्या प्रबंधाच्या आतला मजकूर शोधाला उपलब्ध होत नाही. मराठी नियतकालिकांतील लेखांचे तर विचारूच नका. वाईच्या ‘नवभारत’मधला किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकातला एखादा लेख या साधनांतून मिळवून पाहावा! आणि दिवाळी अंक? १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने ही परंपरा सुरू केली. शतकाहून अधिक काळ मराठीतले कितीतरी संशोधनपर लेखन या अंकांत आले. पण ग्रंथालयाच्या दृष्टीने दिवाळी अंक पूर्णपणे ग्रंथ नाही आणि नियमित नियतकालिकही नाही. त्यामुळे त्यातल्या लेखांची नोंद होत नाही आणि बांधणीसाठी पैसे नसले की पहिली काट त्यालाच बसते.

काय करता येईल

सूचना फार नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेकींना पैसे लागत नाहीत. पहिली : कोणतीही प्रणाली घेण्यापूर्वी, आणि घेतलेली असेल तर आजच, तिची दहा शब्दांची परीक्षा घ्यावी. गावगाडा आणि गांव-गाडा; दोन्ही प्रकारचा दऱ्या; दोन्ही प्रकारचा ॲरिस्टॉटल; विसर्गाचा आणि कोलनचा निःश्वास; वाङ्मय आणि वाङ्मयाचा. जोडीतल्या दोन्ही शब्दांना सारखीच उत्तरे आली तर यंत्राला मराठी येते. निविदेत ही अट घालायला कोणाची हरकत असणार?

दुसरी : शून्य उत्तरे आलेल्या शोधांची यादी प्रणालीत नोंदवून ठेवता येते. ती ग्रंथपालाने महिन्यातून एकदा वाचावी. वाचकांना काय हवे होते आणि कोणत्या रूपात, हे त्यातून जितके कळते तितके कोणत्याही प्रश्नावलीतून कळणार नाही. तिसरी : लेखकनामांची एक सामाईक प्रमाणित यादी महाराष्ट्र, गोवा आणि बडोद्यासारख्या ठिकाणच्या ग्रंथालयांनी मिळून करावी. दात्यांनी जे एकट्याच्या जिद्दीने केले, त्याचा लहानसा अंश तरी संस्थांना मिळून करता यावा. चौथी : प्रत्येक महाविद्यालयाने एकेक मराठी नियतकालिक किंवा एकेक दिवाळी अंक दत्तक घ्यावा आणि त्यातल्या लेखांच्या नोंदी कराव्यात. एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी याहून चांगला प्रकल्प मला सुचत नाही.

पाचवी सूचना मी आग्रहाने मांडते. ही परीक्षा होऊन नोंदी दुरुस्त होईपर्यंत देवघेवीच्या आकड्यांवरून एकही मराठी पुस्तक बाद करू नये. नोंद नंतर केव्हाही सुधारता येते. रद्दीत गेलेली १९१५ सालची प्रत परत येत नाही.